कारणापुढची रेघ

न्यायमूर्ती आरोंदेकर गेले, तेव्हा
पहिल्या नंबरच्या कोर्टात सगळे उभे राहिले.
वकिलांनी लॅटिन वापरलं, एकाने दोनदा चष्मा पुसला,
'संविधानाचा दीपस्तंभ' असं म्हणालं कुणीतरी.
मी मागे, दाराला टेकून.
एकवीस वर्षं त्यांची वाक्यं उतरवून घेतली,
दीपस्तंभ हा शब्द
त्यांनी एकदाही सांगितला नव्हता.

सांगायचे सावकाश,
खिडकीतून ओव्हलवरची क्रिकेटची पोरं बघत.
इंग्रजीत वाक्य अडलं की
आरोंद्याच्या बोलीत स्वतःलाच विचारायचे,
'पण कित्याक?'
आणि मग इंग्रजीला वाट फुटायची.
माझ्या लघुलिपीत 'कारण'साठी एक बारीक खूण होती,
कॅलेंडर टांगायच्या खिळ्याएवढी.
त्यांच्यापायी वह्याच्या वह्या खिळ्यांनी भरल्या.

सुभद्राबाई शिंगरे विरुद्ध शिधावाटप अधिकारी.
माझगावच्या बाई, नवऱ्याने टाकलेल्या, घरी तीन पोरं.
शिधापत्रिका रद्द.
फॉर्मवर छापलेलं: कारण.
पुढे शाईची एक आडवी रेघ.
सरकारी वकील म्हणाले, माय लॉर्ड, तो अधिकाऱ्यांचा अधिकार.
साहेबांनी कागद उजेडाला धरला,
उलटा करून पाहिला,
म्हणाले, रेघेच्या आत काही लिहिलंय का?
माझा चष्मा जुना आहे.
कोर्ट हसलं.
सुभद्राबाई हसल्या नाहीत.
ते पाहून साहेबांनी कागद हळूच खाली ठेवला.

निकाल साडेचार पानांचा.
त्यातलं एक वाक्य अजून पाठ आहे,
मराठीत कसंबसं असं होईल:
ज्याचं काढून घेता त्याला आधी बोलू द्या,
आणि तरीही घेतलंत,
तर का घेतलंत ते त्याला वाचता येईल असं लिहा.

सगळंच काही असं नाही.
गोदीतल्या एका कामगाराला बिनचौकशी आत ठेवलं होतं,
तेव्हा सरकारचं 'समाधान' झालंय
एवढं साहेबांना पुरलं.
तो शब्द मीच टाइप केला, चार प्रतींत, कार्बन लावून.
निवृत्तीच्या आठवड्यात त्यांनी ती फाइल मागवली,
उभ्याउभ्या वाचली.
नाडी परत बांधताना गाठ तीनदा सुटली.
'ह्याचं मी ऐकूनच घेतलं नाही,' म्हणाले.
सवयीने माझी पेन्सिल उठली.
'हे उतरवू नका, हेमाताई.'
नाही उतरवलं.
आज उतरवते आहे.

परवा भायखळ्याच्या वॉर्ड ऑफिसात गेले होते.
गॅलरीवर पत्रा घालायची परवानगी मागितलेली.
नामंजूर.
काउंटरवरची मुलगी, नखांना निळा रंग,
पत्र पुढे सरकवत म्हणाली,
आजी, सही करायच्या आधी वाचून घ्या.
तीन परिच्छेद होते.
कुठला नियम, कुठलं माप,
सुनावणीत मी काय बोलले तेही,
अगदी 'पाणी थेट गादीवर येतं' हेसुद्धा, अवतरणात.
खाली अपील कुठे करायचं, किती दिवसांत.

'नाहीच म्हणायचंय, तर एवढं कशाला लिहिता गं?'
'लिहावंच लागतं ना. नाहीतर कोर्टात टिकत नाही.'
'असं कुणी ठरवलं?'
'काय माहीत. आधीपासूनच आहे.'
तिने पुढचा टोकन नंबर पुकारला.

मी बाकावर बसून पत्र पुन्हा वाचलं,
शब्दांवर बोट ठेवत, टाइप तपासतात तसं.
दुसऱ्या परिच्छेदात चूक आहे त्यांची.
माझी गॅलरी साडेतीन फूट आहे, चार नाही.

अपिलाला तीस दिवस.
घरी येऊन
पेन्सिलीला टोक काढलं.